शून्यापासून पुन्हा खाते

३१ जुलै २०१२ ची संध्याकाळ. लंडनच्या वेम्बली अरीनामध्ये ऑलिंपिकमधील महिला दुहेरी बॅडमिंटनचे साखळी सामने चालू होते. कोर्टावर त्या वेळच्या जगज्जेत्या, चीनच्या यू यांग आणि वांग शियाओली. समोर दक्षिण कोरियाची जोडी. थोड्याच वेळात प्रेक्षकांच्या लक्षात आले की, येथे काहीतरी विपरीत घडत आहे. जगातील उत्तमोत्तम खेळाडूंची साधी सर्व्हिस जाळ्यात जात होती, शटल मुद्दाम बाहेर मारले जात होते. पहिल्या गेममधील सर्वांत लांबलेली देवाणघेवाण अवघ्या चार फटक्यांची होती. दोन्ही जोड्या हरण्यासाठी खेळत होत्या. लोक ओरडू लागले. त्यानंतर कोरियाची दुसरी जोडी आणि इंडोनेशियाची जोडी समोरासमोर आली, आणि तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. मुख्य पंच कोर्टावर आले, काळे कार्ड निघाले, मग ते मागेही घेतले गेले. सामना कसाबसा संपला. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट रोजी, जागतिक बॅडमिंटन महासंघाने चारही जोड्यांना, म्हणजे आठ खेळाडूंना, स्पर्धेतून काढून टाकले. जिंकण्यासाठी पूर्ण प्रयत्न न करणे आणि खेळास कमीपणा आणणारे वर्तन करणे, असे दोन आरोप होते.

त्या आठ जणींत इंडोनेशियाची ग्रेसिया पोली होती. पंचविसावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. आडनाव ‘पोली’ असे आहे, ‘पोळी’ नव्हे. आपल्याकडे ते वाचून प्रथम जेवणाचे ताट आठवते म्हणून सांगितले. तिच्या त्या वेळच्या जोडीदाराचे नाव मेइलियाना जौहरी. हे नाव ऐकून आपल्यातील जव्हेरी मंडळींचे कान टवकारले जातील. जावा, सुमात्रा, सुलावेसी या बेटांवर संस्कृत आणि अरबी शब्द व्यापाराच्या गलबतांतून शतकानुशतके जात राहिले, त्याच्या या खुणा आहेत.

प्रथम हिशेब समजून घेऊ, कारण हिशेब समजल्यावाचून दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. लंडनमध्ये दुहेरीसाठी साखळी पद्धत नव्याने आणली होती. सोळा जोड्या, चार गट, प्रत्येक गटातून दोन जोड्या उपांत्यपूर्व फेरीत. चीनची दुसरी जोडी, तियान चिंग आणि झाओ युनलेई, डेन्मार्ककडून अनपेक्षितपणे हरली आणि आपल्या गटात दुसरी आली. आता यू आणि वांग आपल्या गटात पहिल्या आल्या असत्या, तर चीनच्या दोन जोड्या अंतिम सामन्याआधीच एकमेकींसमोर उभ्या राहिल्या असत्या. म्हणून त्यांना हरणे सोयीचे. त्या हरल्यावर दुसऱ्या गटात जी जोडी पहिली येईल तिची गाठ उपांत्यपूर्व फेरीत याच अव्वल चिनी जोडीशी पडणार. म्हणून कोरियाच्या दुसऱ्या जोडीला आणि इंडोनेशियालाही जिंकणे नकोसे. चारही जोड्या पुढच्या फेरीत आधीच पोहोचल्या होत्या. हरण्यात तोटा काहीच नव्हता, उलट नफा होता.

बँकेत असताना अशा योजना मी जवळून पाहिल्या आहेत. नियमाने हप्ता भरणाऱ्यास काही नाही आणि थकवणाऱ्यास सूट, असे एकदा जाहीर झाले की, चांगला कर्जदारही महिनाभर थांबून पाहतो. दोष योजनेचा असतो, यात वाद नाही. महासंघानेही तो नंतर मान्य केल्यासारखेच केले: पुढच्या ऑलिंपिकपासून गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची जागा साखळी संपल्यानंतर सोडत काढून ठरू लागली, जेणेकरून हरून सोयीचा प्रतिस्पर्धी निवडता येऊ नये. परंतु योजना सदोष होती म्हणून खोटा ताळेबंद खरा होत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसास माल द्यायचा नाही आणि पैसे परत करायचे नाहीत, याला दुकानात जे नाव आहे तेच येथेही लागू पडते. माझे मत असे की, शिक्षा योग्य होती. मात्र ती केवळ खेळाडूंनाच झाली, हे योग्य नव्हते. असे डाव खेळाडू एकटे रचत नाहीत.

या प्रकरणाची झळ आपल्यालाही लागली होती, हे अनेकांच्या स्मरणात नसेल. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांच्या गटात जपान, चिनी तैपेई आणि भारत या तिघांचे विजय समान झाले आणि भारताची जोडी केवळ एका गुणाच्या फरकाने बाहेर पडली. जपानची जोडी तैपेईविरुद्ध मनापासून खेळली नाही, अशी तक्रार भारताने नोंदवली; ती फेटाळली गेली. जपानच्या त्याच जोडीने पुढे रौप्यपदक घेतले. आठ जणींना काढल्यामुळे ज्यांना आयती जागा मिळाली त्यांपैकी रशियाच्या जोडीस कांस्यपदक मिळाले. एका गुणाची किंमत किती असू शकते, हे त्या आठवड्यात दिसले.

ग्रेसियाचा जन्म ११ ऑगस्ट १९८७ चा, जकार्ता येथील. कुटुंब मूळचे सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाकडील मिनाहासा भागातले. ती अगदी लहान असतानाच वडील वारले. आईने तिला वाढवले ते मानाडो या गावी. तेथेच रॅकेट हातात आली. खेळाचे पुढचे शिक्षण जकार्तातच मिळेल हे ओळखून आई मुलीला घेऊन राजधानीत परतली आणि जया राया या नामांकित क्लबमध्ये तिचे नाव घातले. त्या वेळी मुलगी जेमतेम आठ वर्षांची होती. इंडोनेशियात बॅडमिंटनचे स्थान आपल्याकडील क्रिकेटसारखे आहे; १९९२ साली सुसी सुसांती हिने देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले ते याच खेळात. सोळाव्या वर्षी ग्रेसिया उबेर चषकाच्या राष्ट्रीय संघात होती.

आता दुहेरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. एकेरीत खेळाडूचे खाते स्वतःचे असते. हार, जीत, गुण, क्रमांक, सारे एकाच्या नावावर. दुहेरीत खाते भागीदारीचे. जागतिक क्रमवारीचे गुण जोडीच्या नावे जमा होतात, व्यक्तीच्या नव्हे. जोडीदार बदलला की जुने खाते तेथेच थांबते आणि नवी जोडी शून्यापासून सुरुवात करते. मोठ्या स्पर्धांत प्रवेश क्रमवारीवरून मिळत असल्याने पुन्हा लहान स्पर्धा, पुन्हा पहिल्याच फेरीत बलाढ्य प्रतिस्पर्धी. आपल्यापैकी ज्यांनी पेढीचा भागीदार निवृत्त होताना किंवा निवर्तताना पाहिला आहे, त्यांना आठवत असेल की, बँक पेढीचे कॅश क्रेडिट खाते तेथल्या तेथे थांबवते आणि नव्या नावाने नवे उघडावयास सांगते. व्यापाऱ्यास ती अडवणूक वाटते. अनेकांनी माझ्यासमोर टेबलावर हात आपटला आहे. पण जुन्या भागीदाराची जबाबदारी नेमकी कोठवर, हे ठरवण्याचा तोच मार्ग असतो.

आणि जबाबदारी दोघांची, एकत्रितही आणि स्वतंत्रही. वीस फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब कोर्टावर दोघी उभ्या असतात. आक्रमण करताना एक पुढे, एक मागे. बचाव करताना शेजारी शेजारी. ही अदलाबदल क्षणार्धात, न बोलता व्हावी लागते. मधोमध आलेले शटल कोणी घ्यायचे, हा प्रश्न ज्या जोडीत वारंवार पडतो ती जोडी टिकत नाही. पुरुषांच्या दुहेरीत एका जोरदार स्मॅशने गुण संपतो. स्त्रियांच्या दुहेरीत तसे सहसा होत नाही. स्मॅश परत येतो, पुन्हा मारावा लागतो, पुन्हा परत येतो. म्हणून हा प्रकार दमाचा आणि सबुरीचा. दूरचित्रवाणीवर तो फारसा दाखवत नाहीत, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

येथे एक घरगुती गोष्ट नोंदवतो. माझी मुलगी शाळेत असताना दुहेरी खेळत असे, जिल्ह्याच्या पातळीपर्यंत. माझ्या नोकरीत दर तीन वर्षांनी बदली. प्रत्येक बदलीने तिची जोडीदार सुटली. दुसऱ्या वेळी नव्या गावी तिने रॅकेट पिशवीतून काढलीच नाही. अभ्यासाकडे लक्ष दे, असे म्हणून मी तो विषय संपवला, आणि मला तेव्हा ते शहाणपणाचे वाटले होते. आपल्या घरांत मुलीचा खेळ दहावीपर्यंत कौतुकाचा असतो. त्यानंतर क्लास, मग पदवी, मग स्थळे. जोडीदार सुटणे म्हणजे काय, हे मला ग्रेसियाची कारकीर्द वाचताना समजले. ते फार उशिरा समजले.

लंडननंतर ग्रेसियाच्या मनात खेळ सोडून देण्याचा विचार होता, हे तिने पुढे अनेकदा उघडपणे सांगितले आहे. यू यांगने तर तेव्हाच निवृत्ती जाहीर करून टाकली होती. ग्रेसिया थांबली. २०१३ साली तिची जोडी नित्या कृषिंदा महेश्वरी हिच्याशी पुन्हा जुळवण्यात आली. त्याआधीही काही काळ दोघी एकत्र खेळल्या होत्या. नाव वाचून ती राजस्थानातली समजू नये; ती पूर्व जावाची. नित्या उंच, मागून आक्रमण करणारी. ग्रेसिया पुढे जाळ्याजवळ चलाख आणि बचावात चिवट. प्रशिक्षक एंग हियान हे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळवलेले. दुहेरीचा संसार त्यांना आतून ठाऊक होता.

२०१४ च्या इंचिऑन आशियाई क्रीडास्पर्धेत या जोडीने सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात समोर जपानच्या मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी होत्या. गुण २१-१५, २१-९. इंडोनेशियाला महिला दुहेरीचे हे आशियाई सुवर्ण ३६ वर्षांनी मिळाले. पुढच्या वर्षी कोरिया ओपन, आणि जकार्ता येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. लंडनचा डाग पुसण्यासाठी २०१६ चे रिओ ऑलिंपिक समोर होते. तेथे उपांत्यपूर्व फेरीत गाठ कोणाशी पडावी? यू यांगशी. निवृत्ती मागे घेऊन ती नव्या जोडीदारासह परत आली होती. ग्रेसिया आणि नित्या सरळ दोन गेममध्ये हरल्या. आणि ज्या जपानी जोडीस त्यांनी इंचिऑनला हरवले होते, तिने रिओचे सुवर्णपदक नेले.

त्यानंतर नित्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तिचे आंतरराष्ट्रीय खेळणे थांबले. ग्रेसिया एकोणतीस वर्षांची. दोन ऑलिंपिक झालेली, हाती पदक नाही, जोडीदार नाही. आता निवृत्त व्हावे, असे तिला वाटले तर त्यात आश्चर्य नव्हते. एंग हियान यांनी तिला थोडे थांबावयास सांगितले: नव्या मुलींपैकी एखादी तयार होईपर्यंत तिच्याबरोबर खेळ. थोडक्यात, वडीलधाऱ्या भागीदाराने दुकान बंद करण्यापूर्वी एखाद्या होतकरू मुलाला गल्ल्यावर बसवून धंदा शिकवावा, तसे.

ती नवी मुलगी म्हणजे अप्रियानी राहायू. वय एकोणीस, जवळजवळ अकरा वर्षांनी लहान. आग्नेय सुलावेसीतील कोनावे जिल्ह्यातली, साध्या घरची. तिच्या वडिलांनी तिला लहानपणी लाकडाची रॅकेट करून दिली होती. (अप्रियानी हे नाव एप्रिल महिन्यावरून, आपल्या ‘अप्रिय’ शब्दाशी त्याचा संबंध नाही.) मे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सुदीरमन चषकात दोघी प्रथम एकत्र उतरल्या. जूनमध्ये थायलंड ओपन जिंकली. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच ओपन. शिकवण्यापुरते उघडलेले खाते वर्षाच्या आत नफ्यात आले होते. दिल्लीच्या प्रेक्षकांनी हा खेळ प्रत्यक्ष पाहिला आहे. इंडिया ओपनचे विजेतेपद या जोडीने २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे नेले. त्याच दोन वर्षांत जागतिक स्पर्धेत कांस्यपदकेही मिळाली.

दोघींचे स्वभाव एकसारखे नव्हते. अप्रियानी उसळणारी, प्रत्येक गुणानंतर आरोळी देणारी. ग्रेसिया हसणारी, समजूत घालणारी, पण सरावात सूट न देणारी. वयाचे अंतर पाहता हे नाते बहिणीबहिणींचे, किंबहुना क्वचित मायलेकींसारखेही वाटे. पुढे उभे राहण्याचा अनुभव मोठीचा, मागून धावून मारण्याचे बळ धाकटीचे. वय वाढत गेले तसे ग्रेसियाने आपल्या खेळातून अनावश्यक धाव कमी केली आणि शटल कोठे येईल याचा अंदाज वाढवला. हे तंत्र पुस्तकात मिळत नाही.

टोकियो ऑलिंपिक २०२० ऐवजी २०२१ मध्ये ढकलले गेले. एकवीस वर्षांच्या खेळाडूस एक वर्ष म्हणजे काही नाही. तेहतीस वर्षांच्या स्त्रीस ते फार असते. संसार तिने आधीच पुढे ढकलला होता. डिसेंबर २०२० मध्ये तिचा विवाह झाला आणि लगेचच थोरला भाऊ कोविडने गेला. वडिलांच्या पश्चात जो घराचा आधार होता, तो हा भाऊ. त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी २०२१ मध्ये, तिला बँकॉकला स्पर्धेसाठी जावयाचे होते. ती गेली, आणि दोघींनी ती स्पर्धा जिंकली. या वाक्यावर अधिक काही लिहू नये असे मला वाटते.

टोकियोत ही जोडी मानांकनात नव्हती. गटात जपानची अव्वल जोडी, युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता. हिरोता दुखावलेल्या गुडघ्याला जाड पट्टा बांधून खेळत होती. २४-२२, १३-२१, २१-८ असा तो सामना ग्रेसिया आणि अप्रियानी यांनी जिंकला आणि गटात पहिल्या आल्या. नऊ वर्षांपूर्वी गटात पहिले येणे टाळण्यासाठी जे झाले होते, ते ज्यांना आठवत होते त्यांनी ही नोंद मनात नक्कीच केली असेल. उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या दू युए आणि ली यिनहुई यांना तीन गेममध्ये, उपांत्य फेरीत कोरियाच्या ली सो-ही आणि शिन सुंग-चान यांना दोन गेममध्ये हरवून त्या अंतिम सामन्यात आल्या. समोर चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यिफान, २०१७ च्या जगज्जेत्या. त्यांच्याविरुद्ध या जोडीने तोवर जिंकण्यापेक्षा हरणेच अधिक वेळा अनुभवले होते.

२ ऑगस्ट २०२१. अपात्र ठरवल्याच्या दिवसाला नऊ वर्षे आणि एक दिवस. महामारीमुळे सभागृहात प्रेक्षक नव्हते. पहिला गेम २१-१९. दुसऱ्या गेममध्ये, शटल हवेत असतानाच, ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटली. अशा वेळी बहुधा गुण गेला असे धरून चालतात. ग्रेसिया कोर्टाच्या कडेला धावली, पिशवीतून दुसरी रॅकेट ओढली आणि परत आली. तेवढे क्षण अप्रियानीने संपूर्ण कोर्ट एकटीने सांभाळले. शटल खाली पडू दिले नाही. ग्रेसिया आपल्या जागी उभी राहिली, देवाणघेवाण पुढे चालू झाली आणि तो गुण इंडोनेशियास मिळाला. मी तो प्रसंग मुलीबरोबर पाहिला. ती आता चाळिशीला आली आहे. तिने ध्वनिफीत बंद करून ते दृश्य मागे नेऊन तीनदा पाहिले, आणि प्रत्येक वेळी तिची नजर धावणाऱ्या ग्रेसियावर नव्हती, एकट्या उरलेल्या अप्रियानीवर होती.

दुसरा गेम २१-१५. इंडोनेशियाचे महिला दुहेरीतील पहिले ऑलिंपिक सुवर्ण, आणि त्या ऑलिंपिकमधील त्या देशाचे एकमेव. बॅडमिंटनच्या पाचही प्रकारांत सुवर्ण मिळवणारा चीननंतरचा तो दुसरा देश ठरला. सरकारने प्रत्येकीस साडेपाच अब्ज रुपिया दिले; ऐकताना आकडा डोळे दिपवणारा वाटतो, पण तेथील चलन पाहता आपल्या हिशेबाने ती रक्कम काही कोटींची होते. अप्रियानीच्या कोनावे जिल्ह्याच्या प्रमुखांनी तिला घर आणि पाच गाई जाहीर केल्या. मला या दोन्ही बक्षिसांत गाईंची बातमी अधिक आवडली.

त्याच वर्षाच्या अखेरीस महासंघाच्या खेळाडू आयोगाचे अध्यक्षपद ग्रेसियाकडे आले. ज्या संस्थेने तिला काढून टाकले होते, तिच्याच बैठकीत आता खेळाडूंची बाजू ती मांडू लागली.

मे २०२२ मध्ये अप्रियानी आग्नेय आशियाई स्पर्धेत सिती फादिया या नव्या जोडीदाराबरोबर उतरली आणि सुवर्ण घेऊन आली. क्रमवारीत मात्र तिला पुन्हा शून्यापासून खाते उघडावे लागले. १२ जून २०२२ रोजी, जकार्ताच्या इस्तोरा सेनायनमध्ये, इंडोनेशिया मास्टर्सच्या अखेरच्या दिवशी ग्रेसियाने निरोप घेतला. या वेळी सभागृहात प्रेक्षक होते.